व्याह्यांसाठी खारवलेली मांडी

माघ शुद्ध द्वितीया, बुधवार, दुपारची पंगत. रानडुकराची मागची मांडी, कच्ची साडेनऊ शेर, खारवून आणि धुरावून उरली ती सात शेरांच्या थोडी वर. मीठ, गूळ, सोरा, मिरे आणि धुरासाठी आणलेली उसाची चिपाडं मिळून खर्च एक रुपया अकरा आणे. शिकारीचा दारूगोळा काकांचा होता, तो यात धरलेला नाही. पंगतीला तिघे: माझे वडील आबा, त्यांचे धाकटे भाऊ दादाकाका, आणि देवासहून आलेले माझे सासरे. वाढायला आई. मी माजघराच्या दाराआड उभी होते, कारण मला बाहेर यावं की येऊ नये हे कोणालाच ठरवता येत नव्हतं. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, मला सोळावं लागलं होतं, आणि मी अजून धारला, माहेरीच होते.

त्याचं कारण एक पाट. माझं लग्न आमच्याकडे धारला लागलं. देवास तेव्हा एका गावात दोन राज्यं असं होतं, एक थोरल्या पातीचं, एक धाकट्या पातीचं. मधून रस्ता जाई आणि रस्त्याच्या या बाजूला एक महाराज, त्या बाजूला दुसरे. आज मी ज्या खिडकीपाशी बसून हे लिहिते आहे तिथून समोरचं पानाचं दुकान दिसतं. ते तेव्हा परराज्यात होतं, आणि आमच्या बाजूचे लोक तिथलं पान खाऊन आले की ‘जरा पलीकडे जाऊन आलो’ म्हणत. माझे सासरे धाकट्या पातीच्या खासगीत कारभारी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकारीचं जेवण झालं, तेव्हा आबांनी पाट मांडताना थोरल्या पातीचे एक पाहुणे वयाने मोठे म्हणून त्यांचा पाट सासऱ्यांच्या वर मांडला. आबांनी वय पाहिलं, पाती पाहिली नाही. आबा पागेकडे होते. घोडे त्यांना कळत, कोणता घोडा कोणाशेजारी बांधायचा नाही हेही कळे, पण माणसांचं ते त्यांना कधी जमलं नाही. सासरे जेवले, विडा घेतला, हसले, आणि निघताना म्हणाले, “मूळ पाठवू, तेव्हा मुलीला पाठवा.” मूळ म्हणजे सुनेला न्यायला सासरहून येणारा माणूस. तो माणूस आला नाही. एक दिवाळी गेली, संक्रांत गेली, दुसरी दिवाळी गेली.

ज्यांच्याशी माझं लग्न झालं त्यांना मी धड पाहिलंही नव्हतं. अंतरपाट खाली आला तेव्हा मान वर करायचा धीर झाला नाही. नंतर तिरकं पाहिलं तर मला त्यांचा एक कान दिसला. मोठा होता, आणि उन्हाने लाल झाला होता. दीड वर्ष मी त्या एका कानावर काढलं. दुपारी सगळे निजले की मी ओसरीवर बसून डाळ निवडायची आणि त्या कानाला जोडून एक चेहरा रचायचा प्रयत्न करायची. कधी तो चेहरा दादाकाकांसारखा होई, कधी तळ्यावर येणाऱ्या एका पोस्टमनसारखा, आणि मग मला हसू येई आणि लगेच रडूही येई. तळ्यावर पाण्याला गेलं की बायका विचारत, “मूळ आलं का गं?” पहिल्या वर्षी विचारत. दुसऱ्या वर्षी विचारेनाशा झाल्या, ते जास्त वाईट होतं. आई रात्री आबांशी हळू आवाजात बोलायची. एकदा मी ऐकलं, ती म्हणत होती, “वैशाखाच्या आत गेली नाही तर ते मुलाला दुसरी करतील. मी सांगते तुम्हाला.” आबांनी दिवा मालवला.

मार्गशीर्षात दादाकाका इंदूरला एका लग्नाला गेले. तिथे सासरे भेटले. परत आल्यावर काकांनी घोंगडं टाकायच्या आधी बातमी सांगितली. सासरे चारचौघांत रंगात येऊन सांगत होते, की महूच्या छावणीत एका साहेबाने त्यांना जेवायला बोलावलं होतं आणि खारवलेली, धुरावलेली डुकराची मांडी खिलवली होती. तसा पदार्थ आयुष्यात खाल्ला नाही म्हणे. काकांनी हात जोडून मुलीचा विषय काढला, तेव्हा सासरे म्हणाले, “अहो, तुम्ही धारवाले. मांडवगडाचं रान तुमच्या उशाशी, शिकारीच्या गप्पा सांगून थकत नाही. एकदा तशी मांडी खिलवा तर खरे. माघात दरबारच्या कामाला धारला येणारच आहे. मग पाहू.”

“मग पाहू म्हणजे काय?” आई म्हणाली.

“मग पाहू म्हणजे मग पाहू,” काका म्हणाले.

“थट्टेने म्हणाले की खरं?”

“वहिनी, मिशा हलत होत्या, पण त्या नेहमीच हलतात.”

आबांनी ते खरं धरलं. काय करणार? दीड वर्षात त्या बाजूने आलेले ते पहिले दोन शब्द होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती आताच्या मुलांना ठाऊक नसते. आम्ही मराठे रानडुक्कर मानाने खातो. घोड्यावरून भाल्याने मारलेल्या डुकराचं मांस जावयाच्या ताटात जातं. पण गावात हिंडणाऱ्या डुकराचं नाव जेवताना काढलं तरी माणूस ताटावरून उठेल. छावणीतल्या दुकानात तयार मांडी मिळते, कापडात बांधलेली, असं काकांनी सांगून पाहिलं. आईने एकच विचारलं, “ते डुक्कर कुठलं?” तेव्हा ठरलं की मांडी घरी करायची आणि रानातल्या डुकराची करायची. काका महूला जाऊन एका साहेबाच्या खानसाम्याला दोन दिवस चिकटून बसले आणि सगळी कृती तोंडपाठ करून आले. मग पौषाच्या थंडीत नालछ्याच्या पुढच्या दरीत जाऊन त्यांनी एक नर मारला.

ती मांडी घरात आली तेव्हाची सकाळ मला अजून दिसते. मागच्या अंगणात गवताचा जाळ करून काका तिचे केस भाजत होते, धूर जमिनीलगत पसरला होता आणि त्यात आमची गाय गुडघ्यापर्यंत बुडाल्यासारखी उभी होती. कातडं खरवडल्यावर ते पिवळसर, गुळगुळीत निघालं, जुन्या पखवाजाच्या पुडीसारखं. मग मीठ, कुटलेला गूळ, मिरे आणि बंदुकीच्या दारूसाठी काकांकडे असलेल्या सोऱ्यातला थोडा सोरा एकत्र करून तो मसाला मांडीला चोळायचा. ते काम माझ्याकडे आलं. आई म्हणाली, “तुझ्यासाठी चाललंय, तूच चोळ.” लाकडाच्या काठवटीत मांडी ठेवून मी रोज सकाळी ती उलटायची, सुटलेलं पाणी ओतायची आणि पुन्हा मीठ लावायची. बोटांना चिरा पडल्या. मीठ त्या चिरांत जाई आणि मी हात बगलेत धरून अंगणात फिरायची. पण हळूहळू मला ते काम आवडायला लागलं. दीड वर्षात माझ्या हातून पहिल्यांदाच अशी काही गोष्ट होत होती जी रोज थोडी पुढे सरकत होती. मांस रोज थोडं घट्ट होई, थोडं गडद होई.

खारवणं संपल्यावर धूर. धुरासाठी जागा एकच, न्हाणीघर. तिथल्या चुलीवर दिवसभर पाणी तापत असे. मांडी तुळईला टांगली आणि चुलीत आंब्याची ओली ढलपी आणि गुऱ्हाळातून आणलेली उसाची चिपाडं घालायला सुरुवात केली. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक माणूस त्या मांडीखाली आंघोळ करू लागला. आबा डोक्यावर तांब्या ओतताना देवांची नावं घेत आणि मध्येच वर पाहून थांबत. “आता हिचं नाव तरी कोणत्या देवात घालायचं?” ते म्हणायचे. माझ्या केसांना, लुगड्याला, उशीला, सगळ्याला तो गोडसर धूर लागला. आमच्याकडे लाकडं घेऊन येणारी गेंदाबाई एकदा माझ्याजवळ वाकून हुंगून म्हणाली, “बई, थारा माथा में से तो ब्याव की बास आवे.” तिला म्हणायचं होतं, तुझ्या डोक्याला लग्नघराचा वास येतो. ती गेल्यावर मी आत जाऊन आपल्याच वेणीचा वास घेत बसले.

ते दिवस आता आठवले की ते मागेपुढे लागत नाहीत, सगळे एकाच धुरात तरंगतात. गावाबाहेर अफूची शेतं फुलली होती, पांढरीशुभ्र, आणि सकाळी त्यांच्यावर धुकं असे, त्यामुळे फूल कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. किल्ल्यावरून नौबत वाजली की तिचा आवाज ओल्या कापडातून आल्यासारखा येई. मी चुलीशी बसून चिपाडं सारायची. ती पेट घेताना एक बारीक शिट्टी वाजते आणि मग साखरेचा करपट वास सुटतो. मी त्या शिट्टीत कधी टांग्याची घंटी ऐकायची, कधी दारावर कोणी आल्यासारखं वाटायचं. उठून पाहिलं तर कोणी नसे. वर मांडी तेवढी हळूच फिरत असे, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, कुठलाही वारा नसताना.

सासरे मंगळवारी संध्याकाळी आले. मी दाराच्या फटीतून पाहिलं: उंच, वाळकं शरीर, आणि त्यावर त्या मानाने फार मोठ्या पांढऱ्या मिशा. त्यांनी माझी चौकशी केली नाही. रस्त्याची केली, घोड्यांची केली, पाण्याची केली.

मांडी आदल्या दिवसापासून पाण्यात भिजत होती. खानसाम्याची शेवटची ताकीद काकांनी तशीच्या तशी सांगितली होती: “एक रात, एक दिन पानी में रखो. फिर टुकडा काट के चख लो. खारा लगे तो पानी बदलो, फिर रखो.” बुधवारी पहाटे काका सुरी घेऊन अंगणात आले, तेव्हा आई आडवी आली.

“काय करताय?”

“चाखतो. त्याने सांगितलंय.”

“व्याह्यांच्या ताटात जायचं अन्न तुम्ही आधी उष्टं करणार?”

“वहिनी, कृतीच तशी आहे.”

“ती खानसाम्याची कृती. तो खाल्लेलं वाढत असेल. माझ्या चुलीवर ते चालायचं नाही.”

आमच्या घरी शिजणारं अन्न कोणी कधी चाखत नसे. देवाला आणि पाहुण्याला जाण्याआधी जिभेला लावलं की ते उष्टं. मीठ हाताच्या अंदाजाने पडायचं आणि शिजलं की नाही ते वासावरून कळायचं. आईचा हात इतका बरोबर की तिच्या अन्नात मीठ कमीजास्त झालेलं मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. काकांनी सुरी खाली ठेवली. आई एवढ्यावर थांबली नाही. साहेबांचं सगळं जेवण अळणी असतं असं काकांनीच महूहून येऊन सांगितलं होतं. तेव्हा मांडी तपेल्यात उकळायला घातल्यावर तिने, माणसांनी खाण्याजोगी व्हावी म्हणून, वरून दोन मुठी मीठ टाकलं. मग कातडं सोलून, वर गूळ लावून, परातीखाली झाकून वर निखारे ठेवले. वास असा सुटला की शेजारच्या घरातलं बोलणं बंद झालं.

काकांनी शिकारीच्या सुरीने पातळ काप केले. आत मांस गुलाबी निघालं, कडेला पांढऱ्या चरबीची रेघ. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाट यावेळी त्यांनी तीनदा मोजून मांडले होते; सासऱ्यांच्या वर भिंत होती.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि मिशा हलायच्या थांबल्या.

“कशी काय?” काका म्हणाले. “महूसारखी?”

तो घास कसाबसा गिळून झाला. मग सासरे म्हणाले, “अगदी अशीच.”

“केसाचाही फरक नाही?”

“केसाचाही नाही.” आणि त्यांनी तांब्या उचलला.

तेवढ्यात आबांनी घास घेतला होता. मी त्यांच्या मानेची शीर पाहत होते. काकांनी घेतला आणि ते भिंतीकडे तोंड करून खोकले. पण व्याही ‘अगदी अशीच’ म्हणाले होते, तेव्हा ही अशीच असणार. आबा हळूच म्हणाले, “थंड देशातली माणसं. त्यांना असं लागत असेल.” सासऱ्यांनी चार काप खाल्ले, ताटात काही टाकलं नाही, आणि आईने तांब्या तीनदा भरला. हात धुतल्यावर आबा अंगणात येऊन आईला म्हणाले, “आवडली. चार काप घेतले. आता आहेत तोवर प्रत्येक जेवणाला वाढत जा.”

मग आम्ही दोघी जेवायला बसलो. आईने एक तुकडा तोंडात घातला आणि तिचा चेहरा उतरला.

“अगं, हे अन्न नाही. हे मीठ आहे.”

काका दारात येऊन उभे राहिले. “वहिनी, इतकं मीठ खाऊन माणूस बेइमान होणं शक्य नाही. काळजी करू नका.”

“तुम्ही आधी बाहेर व्हा,” आई म्हणाली. मग ती ताटावर बसूनच रडली. वाढावी तर व्याही मरतील, न वाढावी तर आबांचा शब्द मोडतो आणि व्याह्यांचा अपमान होतो. ज्या अधिकाऱ्याशी सासऱ्यांचं काम होतं ते मांडवगडाला गेले होते, म्हणून सासऱ्यांचा मुक्काम आणखी दोन दिवस वाढला होता. मला तेवढं कळत होतं की माझं देवासला जाणं आता पाच शेर खाऱ्या मांसावर येऊन थांबलं आहे.

मी आईला म्हटलं, “उरलेलं माझ्याकडे दे.”

“तू काय करणार?”

“चाखून पाहीन.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. पण तिच्या नियमात यावर काही नव्हतं. एकदा पंगतीत वाढलं गेलं, त्यातलं उरलं, ते उरलंसुरलं; त्याला कोणी जीभ लावली तर काही बिघडत नाही. न चाखण्याचा नियम होता तो ताज्या अन्नाला.

मी मागच्या चुलीशी गेले. एक जाड काप उकळत्या पाण्यात टाकला, पाणी ओतून दिलं, पुन्हा टाकला. तिसऱ्या पाण्यानंतर तुकडा तोडून तोंडात धरला. मीठ अजून होतंच, पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं. आधी गूळ, मग आंब्याचं ओलं लाकूड, मग रानातलं काही कडवट, आणि शेवटी तो चिपाडांचा वास, ज्यात मी कित्येक दिवस श्वास घेतला होता. मी डोळे मिटून उभी राहिले. मला वाटलं, मी धुकं खाते आहे, आणि आमच्या न्हाणीघरातली ती सगळी गरम, अंधारी सकाळ माझ्या जिभेवर आहे. मी आजवर आयुष्यात पुष्कळ चांगलं जेवले, पण तसा घास पुन्हा मिळाला नाही. उन्हात किती वेळ उभी होते ते कळलं नाही. आईने हाक मारली तेव्हा चुलीतली लाकडं विझली होती.

मग हिशोब सोपा होता. मीठ काढून टाकायचं नाही, ते वाटून द्यायचं. एका वाटी मांसाला चार वाट्या अळणी काहीतरी हवं. त्या संध्याकाळी हाड फोडून तुरीच्या डाळीत घातलं, चिंच टाकली, मीठ नाही, आणि उकडून गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, म्हणजे बाफले, केले. आईने वाढायला नेलं तेव्हा सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं आणि क्षणभर डोळे मिटले, अंगावर बर्फाचं पाणी येणार असल्यासारखे. मग एक घास. मग दुसरा. मग त्यांनी बाफला डाळीत कुस्करला आणि वाकून बसले. “आणखी आहे?” त्यांनी विचारलं. ते त्या घरात त्यांनी स्वतःहून मागितलेलं पहिलं अन्न.

दुसऱ्या दिवशी ओल्या हरभऱ्यांत मांसाचे बारीक उभे तुकडे, चरबीचीच फोडणी, बरोबर मक्याची भाकरी. संध्याकाळी वांगी भरली, त्यात मांस ठेचून, खोबरं आणि तीळ घालून. कातड्याच्या पट्ट्या तव्यावर कुरकुरीत करून काका आणि गेंदाबाईचा नातू यांच्यात वाटल्या. मिठाच्या बरणीला त्या दोन दिवसांत कोणी हात लावला नाही. आणि मी प्रत्येक वेळी चाखत होते, उघडपणे, अंगणात उभी राहून; आई पाठ करून बसायची.

शुक्रवारी दुपारी आबा पागेकडे गेले होते, काका बाजारात. सासरे एकटेच जेवायला बसले. उरलेल्या शेवटच्या मांसाचा मी भात केला होता, हिरवे मटार घालून. आईच्या पायात तिडीक भरली होती, म्हणून वाढायला मी गेले. डोक्यावरून पदर ओढून, नजर पाटाच्या कडेवर. त्यांनी अर्धा भात संपवला. मग ताटाकडेच पाहत म्हणाले,

“हे कोण करतंय तीन दिवस?”

मी पदर आणखी पुढे ओढला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “तीच करते.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ बोटांनी भात नुसता सारखा करत राहिले. मग आवाज खाली आणून बोलू लागले, जसं कोणी घोड्याशी बोलतं, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

“महूला मी ती खाल्लीच नव्हती. साहेबाने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात घातली. गावातलं डुक्कर. खाऊ कसा? आणि त्याच्या घरी बसून नको म्हणू कसा? त्याचं लक्ष चुकवून रुमालात बांधली, रुमाल अंगरख्यात. बाहेर आल्यावर कुत्र्यापुढे टाकली. रुमालही गेला, रेशमी होता. आता देवासला आल्यावर सगळे विचारणार, साहेबाकडे काय खाल्लं, कसं लागलं. सांगत गेलो. सांगता सांगता एवढं चांगलं सांगायला लागलो की मलाच वाटायला लागलं, खाल्ली असती तर बरं झालं असतं.”

स्वयंपाकघरात आईच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला होता.

“परवा ती ताटात आली. तोंडात घातली आणि वाटलं, अरे बाप रे, राज्य करणारे लोक हे खातात? मग म्हटलं, असेल. अशीच असेल.” त्यांनी मिशा पुसल्या. “आणि आता हे. हे त्याच मांडीचं?”

“हो.”

“मग परवा तशी का होती?”

“मीठ जास्त झालं होतं,” मी म्हटलं.

“तर मग कोणी बोललं का नाही?”

“आपण अगदी अशीच म्हणालात.”

सासऱ्यांशी मी पहिल्यांदाच एवढं बोलत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. आधी आवाज न होता, नुसते खांदे, मग मोठ्याने, मग ठसका लागला आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि एकदम करड्या आवाजात, एखाद्या कारकुनाला ताकीद द्यावी तसं म्हणाले,

“सूनबाई, देवासला आल्यावर यातलं घरात कोणाला बोलायचं नाही. तुझ्या सासूला तर मुळीच नाही.”

माझ्या हातात भाताचं भांडं होतं. ते मी कुठे ठेवलं ते आठवत नाही. देवासला आल्यावर, ते म्हणाले होते. आत आई भिंतीला टेकून उभी होती आणि तोंडावर पदर दाबून धरला होता, हसते की रडते ते मला कळेना, तिलाही कळत नसावं. सासूबाई असेपर्यंत मी ती आज्ञा पाळली. आता त्याही नाहीत आणि तेही नाहीत, म्हणून लिहिते.

आबा आल्यावर सासरे ओसरीवर त्यांना म्हणाले, “मूळ धाडायचं तर पुन्हा माणूस, पुन्हा टांगा. मी उद्या जातोच आहे. मुलीला बरोबर नेतो. उगाच दुहेरी भाडं कशाला?” आबा “हो, खरंच,” म्हणाले, जणू दीड वर्ष सगळी अडचण टांग्याच्या भाड्याचीच होती. आणि मग ते उठून घोड्याला चारा घालायला गेले. घोड्यापुढे गवत तोंडभर होतं, तरी घालत राहिले.

सुनेने सासरी पहिला स्वयंपाक केला की सासऱ्याने जेवून उठताना ताटाखाली काहीतरी ठेवायचं, अशी आमच्याकडे रीत. दुपारचं सासऱ्यांचं ताट आईने उचललं तेव्हा खाली दोन रुपये निघाले, चांदीचे, राणीछाप. आईने ते धुतले, पदराने पुसले आणि माझ्या हातावर ठेवले. दोन रुपये, मला मिळाले.